सादीचं ‘गुलिस्तान’ वाचायला घेताना

फारसी नीतिकाव्याशी हल्ली पहिली भेट फोनवर होते. एखादं चित्र, मध्ये दोन ओळींचा उपदेश, खाली ‘शेख सादी’ किंवा ‘रूमी’ अशी सही. वाचणारा मान डोलावतो आणि विषय तिथंच संपतो. ही ओळ कोण म्हणतंय, कुणाला, आणि बोलणाऱ्याची त्यात काय अडचण आहे, याचा त्या चित्रात पत्ता नसतो. सादीच्या पुस्तकात तो असतो. तिथलं प्रत्येक वचन कुणाच्या तरी तोंडी आहे आणि ऐकणाराही समोर बसलेला आहे. म्हणून वाचनाची सगळी पद्धत त्या दोघांना शोधण्यावर उभी करायची.

सुरुवातीला एकच कवी आणि एकच पुस्तक घ्या: शीराझचा सादी, पुस्तक ‘गुलिस्तान’. त्यानं आधी, १२५७ साली, ‘बोस्तान’ हे सबंध पद्यातलं पुस्तक पुरं केलं आणि पुढच्याच वर्षी ‘गुलिस्तान’. त्याच १२५८ च्या फेब्रुवारीत मंगोल सेनानी हुलागूच्या फौजेनं बगदाद पाडलं होतं. फार्सच्या अताबेगांनी, म्हणजे शीराझच्या राज्यकर्त्यांनी, मंगोलांना खंडणी देऊन शीराझ वाचवलं, आणि सादी आपलं पुस्तक त्याच घराण्याला अर्पण करतो. राजाला उपदेश करताना त्याची जीभ इतकी जपून का चालते, हे या पार्श्वभूमीवर कळतं.

‘गुलिस्तान’ नवख्याला सोपं जातं ते गद्यामुळे. छोटी गद्य गोष्ट, म्हणजे हिकायत, आणि तिच्यात दोन-चार ओळींचं पद्य, अशी आठ प्रकरणं आहेत: राजांची वागणूक, दरवेशांचं शील, समाधान, मौनाचे फायदे, प्रेम आणि तारुण्य, दुबळेपण आणि म्हातारपण, शिक्षणाचा परिणाम, आणि सोबतीची रीत. पद्य अडलं तरी गोष्ट हातात राहते.

आवृत्ती आणि साधनं

फारसी संहिता महंमद अली फुरूगी किंवा गुलामहुसेन यूसुफी यांनी संपादित केलेली घ्या. यूसुफींच्या टिपा जास्त सविस्तर आहेत. ‘गंजूर’ या संकेतस्थळावर सगळं ‘गुलिस्तान’ फुकट वाचता येतं आणि शब्द टाकून शोधताही येतं. इंग्रजी चालत असेल तर व्हीलर थॅक्स्टन यांची २००८ ची द्विभाषिक आवृत्ती सर्वांत सोयीची: समोरासमोर मूळ आणि भाषांतर, शेवटी शब्दसंग्रह. जुन्यांपैकी एडवर्ड रेहात्सेक यांचं १८८८ चं भाषांतर इंटरनेटवर मिळतं. हे हंगेरियन पंडित मुंबईतच स्थायिक झाले होते आणि तिथंच वारले. त्यांचं भाषांतर शब्दाला शब्द ठेवणारं आहे. मूळ ओळ हुडकायला त्याचा उपयोग होतो, पण सलग वाचायला ते रुक्ष आहे.

कोशांत स्टाइनगास यांचा फारसी-इंग्रजी कोश (१८९२) पुरतो. मराठीतून हवा असेल तर माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा १९२५ चा ‘फारसी-मराठी कोश’ जुन्या ग्रंथालयांत सापडतो. आजच्या बोलचालीच्या फारसीचं ॲप मात्र या कामाला घेऊ नका. साडेसातशे वर्षांपूर्वीचा अर्थ ते देत नाही आणि दिलेला अर्थ जुना नाही हे सांगतही नाही.

भाषांतरं किमान दोन जवळ ठेवा. दोन्ही जिथं फुटतात तिथं मूळ ओळीत काहीतरी दडलेलं असतं.

कुठून सुरुवात करायची

प्रस्तावनेपासून नको. ती अरबी शब्दांनी गच्च आहे आणि बरेच जण तिथंच पुस्तक मिटतात. पहिलं प्रकरणही सुरुवातीला लांबलचक वाटतं. चौथं उघडा: मौनाचे फायदे, चौदा हिकायती, बहुतेक अर्ध्या पानाच्या आत. आठवड्याला दोन, प्रत्येकीला पाऊण तास, म्हणजे सात आठवड्यांत प्रकरण होतं. मग सहावं (सर्वांत कमी हिकायती), मग तिसरं, आणि त्यानंतर पहिलं. प्रस्तावना शेवटी. आवृत्तीगणिक हिकायतींचे क्रमांक एक-दोननं पुढेमागे होतात, तेव्हा नोंद करताना क्रमांकासोबत गोष्टीचे पहिले दोन-तीन शब्दही लिहून ठेवा.

चौथ्या प्रकरणातली एक हिकायत एवढीशी आहे. एका व्यापाऱ्याला हजार दिनारची खोट येते. तो मुलाला सांगतो, हे कुणाजवळ बोलू नकोस. मुलगा म्हणतो, नाही बोलत, पण गप्प राहण्यात फायदा काय ते तरी सांगा. बाप म्हणतो, म्हणजे एका संकटाची दोन होणार नाहीत: ‘यके नुक्सान-ए माया ओ दीगर शमातत-ए हमसाया’. एक भांडवलाची घट, दुसरं शेजाऱ्याला झालेला आनंद. यात माया-हमसाया हे यमक गद्यातच आलंय. याला सज्अ म्हणतात आणि ‘गुलिस्तान’चं गद्य असं जागोजागी जुळवलेलं आहे. म्हणून प्रत्येक वाक्य एकदा मोठ्यानं वाचा. दोन तुकडे कुठं जुळतात ते कानाला आधी कळतं, आणि वाक्य कुठं तोडायचं हेही त्यावरूनच ठरतं, कारण जुन्या प्रतींत विरामचिन्हं नसतात.

चौदावी हिकायत विनोदी आहे. भसाड्या आवाजाचा एक जण मोठमोठ्यानं कुराण पढतोय. एक जाणता विचारतो, पगार किती? काही नाही. मग एवढे कष्ट कशाला? देवासाठी वाचतो. देवासाठी वाचू नकोस! नीतिकाव्य म्हटलं की वाचक गंभीर चेहरा करून बसतो आणि असले टोले त्याच्या डोक्यावरून जातात. हसू आलं तर आपण चुकीचं वाचतोय असं समजू नका.

लिपी आणि लागेल तेवढं व्याकरण

देवनागरीतल्या प्रतीवर विसंबून फार पुढं जाता येत नाही, कारण कोशात शब्द शोधायला मूळ लेखन लागतं. फारसीत ३२ अक्षरं आहेत. ‘झ’ असा उच्चार होणारी चार, ‘स’ची तीन, ‘त’ची दोन, ‘ह’ची दोन. उच्चार सारखा असला तरी लेखन वेगळं, त्यामुळे कानावरून शब्द शोधला की सापडत नाही. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. ‘गुल’ (फूल) आणि ‘गिल’ (माती) लिहिताना सारखेच दिसतात आणि सादी नेमका त्याचाच खेळ करतो. दोन शब्द जोडणारा ‘ए’ (जसा ‘नुक्सान-ए माया’त) तोही बहुधा लिहिलेला नसतो, वाचणाऱ्यानं घालायचा असतो. नवख्याच्या दहातल्या सहा-सात चुका या ‘ए’पाशी होतात: तो विसरला की विशेषण भलत्याच नामाला चिकटतं.

व्याकरणात मराठी माणसाला एक गोष्ट आयती मिळते. ‘रा’ हा प्रत्यय आजच्या फारसीत कर्माला लागतो, पण सादीच्या भाषेत तो पुष्कळदा आपल्या ‘ला’सारखा चालतो. ‘बाझरगानी रा हझार दीनार खसारत उफ्ताद’: व्यापाऱ्याला हजार दिनारची खोट आली. इंग्रजी भाषांतर इथं ‘व्यापारी’ कर्ता करून टाकतं. मराठीत वाक्य जसंच्या तसं बसतं.

खाली फारसी ओळी भारतात रूढ असलेल्या उच्चारानं दिल्या आहेत. इराणी माणूस ‘रोझ’ला ‘रूझ’ म्हणतो. ध्वनिमुद्रणं ऐकताना हा फरक लक्षात ठेवा. दोन्ही चालतात, फक्त एका ओळीत मिसळू नका.

ओळखीच्या शब्दांपासून सावध

बहमनी, आदिलशाही, निजामशाही दरबारांतून फारसी शब्द मराठीत इतके आले की शिवकाळात त्यांना पर्यायी शब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करावा लागला. त्यामुळे आपल्याला सादीच्या पानावर दर ओळीला ओळखीचे चेहरे दिसतात. गोंधळ तिथंच होतो. सादीच्या सर्वांत प्रसिद्ध ओळी घ्या. इराणच्या एक लाख रियालच्या नोटेवरही त्या छापल्या गेल्या आहेत:

बनी आदम अझा-ए यक पैकरंद
के दर आफरीनिश झ यक गौहरंद
चु उझ्वी ब दर्द आवरद रोझगार
दिगर उझ्वहा रा नमानद करार
तु कझ मेहनत-ए दीगरान बेगमी
नशायद के नामत निहंद आदमी

‘रोजगार’, ‘करार’, ‘मेहनत’ हे तिन्ही शब्द मराठीत रोजचे, आणि तिन्हींचा इथला अर्थ निराळा. रोझगार म्हणजे काळ, नशिबाचा फेरा. करार म्हणजे स्वस्थता, चैन. मेहनत म्हणजे यातना. अर्थ असा: आदमची लेकरं एकाच देहाचे अवयव आहेत, कारण घडताना ती एकाच मूलद्रव्यातून घडली. काळानं एका अवयवाला दुखवलं की बाकीच्यांना चैन पडत नाही. दुसऱ्याच्या यातनांचं ज्या तुला दुःख नाही, त्या तुला माणूस म्हणणं शोभत नाही.

असेच आणखी काही: ‘गरीब’ म्हणजे परका, परगावचा. ‘तमाशा’ म्हणजे हिंडून पाहणं. ‘मसलहत’ म्हणजे हिताची, सोयीची गोष्ट, आपली खलबतातली मसलत नव्हे. उलट ‘सोबत’ आपण जवळपास जुन्याच अर्थानं जपली आहे. आठव्या प्रकरणाच्या नावातला ‘सुहबत’ आजच्या इराणी माणसाला ‘गप्पा’ वाटतो, मराठी माणसाला मात्र ती सोबतच वाटते. वहीच्या मागच्या पानावर अशा फसव्या शब्दांची यादी ठेवा. पन्नासेक झाले की चुका एकदम कमी होतात.

वृत्त: ‘मनाचे श्लोक’ येत असतील तर अर्धं काम झालंय

वरच्या ओळींचं वृत्त मुतकारिब. सगळं ‘बोस्तान’ आणि फिर्दौसीचं ‘शाहनामा’ याच वृत्तात आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन यगण आणि शेवटी लघु-गुरू: लगागा लगागा लगागा लगा. भुजंगप्रयातात यगण चार असतात. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या चालीवर म्हणा आणि शेवटचं एक अक्षर गिळा, की सादीची ओळ बसते. भुजंगप्रयात ज्याच्या कानात आहे त्याला मुतकारिब वेगळं शिकावं लागत नाही.

पण अक्षरं मोजायचे नियम थोडे निराळे आहेत, आणि ते सगळे या सहा ओळींत भेटतात.

पहिली ओळ तोडली की ‘ब-नी-आ | द-मअ्-झा | ए-यक्-पै | क-रंद’. ‘आदम’चा ‘म्’ पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन चिकटला, आणि जोडणारा ‘ए’ इथं लघु मोजला. असा सांधा करायचा की नाही हे कवी वृत्तावरून ठरवतो: दुसऱ्या ओळीत ‘दर आफरीनिश’मध्ये तो केलेला नाही, ‘के-दर्-आ’ असंच वाचायचं. तिसऱ्या ओळीत ‘रोझ’ हे अक्षर जास्त लांब आहे, दीर्घ स्वर आणि त्यावर व्यंजन. असं अक्षर ओळीच्या मध्ये आलं की गुरू आणि वर एक लघु असं मोजतात: ‘चु-उझ्-वी | ब-दर्-दा | व-रद्-रो | झ-गार’. तोच ‘गार’ ओळीच्या शेवटी मात्र नुसता एक गुरू. चौथ्या ओळीतलं ‘उझ्व’ही तसंच, गुरू अधिक लघु. पाचव्या ओळीत दोन अपवाद: ‘मेहनत-ए’मधला ‘ए’ इथं ताणून गुरू केलाय, आणि ‘रान’ लांब असूनही एकच गुरू, कारण दीर्घ स्वरानंतरचा ‘न’ मोजत नाहीत.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. ओळ वृत्तात बसली नाही की बहुतेक वेळा आपण एखादा ‘ए’ विसरलेलो असतो किंवा शब्द चुकीचा वाचलेला असतो. मात्र वृत्ताला सगळं कळत नाही. पहिल्या ओळीचा ‘अझा-ए यकदीगरंद’ (एकमेकांचे अवयव) असाही पाठ छापलेला दिसतो आणि तोही वृत्तात चोख बसतो. पुढं ‘बाकीचे अवयव’ असा उल्लेख आहे, म्हणून देहाची कल्पना सांगणारा ‘यक पैकर’ जास्त जुळतो. पण दुसरा पाठ दिसला म्हणून प्रत चुकीची समजू नका.

‘गुलिस्तान’मधल्या पद्याची वृत्तं मात्र हिकायतीगणिक बदलतात. पहिले काही महिने मुतकारिबच्याच ओळी तोडून बघा, बाकीची नुसती ऐका.

हिकायत चारदा वाचायची

पहिल्यांदा भाषांतर, नुसती गोष्ट कळण्यापुरतं. दुसऱ्यांदा मूळ गद्य, कोश घेऊन. तिसऱ्यांदा पद्य. चौथ्यांदा सगळं मोठ्यानं, कोश मिटून. मग वहीत चार गोष्टी लिहा: कोण बोलतंय, कुणाला, त्या क्षणी बोलणाऱ्याला काय हवंय, आणि पद्य कुणाच्या तोंडी आहे, पात्राच्या की सादीच्या. शेवटचा प्रश्न कठीण, कारण मुळात अवतरणचिन्हं नाहीत. भाषांतरकार ती आपल्या समजुतीनं घालतात.

‘बनी आदम’वर हे करून पाहा. पहिल्या प्रकरणातली दहावी हिकायत. दमास्कसच्या मशिदीत यह्या पैगंबराच्या कबरीपाशी सादी बसलाय. अन्यायी म्हणून कुप्रसिद्ध असलेला एक अरब राजा तिथं येतो आणि म्हणतो, माझ्यासाठी प्रार्थना करा, एका बलाढ्य शत्रूची धास्ती वाटते. सादी सांगतो, दुबळ्या रयतेवर दया कर, म्हणजे बलवान शत्रूकडून त्रास होणार नाही. आणि मग या ओळी. त्यातला ‘तू’ हा तो राजा आहे. भिंतीवर टांगलेल्या चौकटीत ही ओळ विश्वबंधुत्वाची गोड कविता होते. हिकायतीत ती जुलमी माणसाच्या तोंडावर म्हटलेली आहे, आणि तीही तो मदत मागायला आलेला असताना.

आता पुस्तकाची पहिलीच हिकायत. एक राजा कैद्याला मारायचा हुकूम देतो. जिवावर उदार झालेला कैदी आपल्या भाषेत राजाला शिव्या घालतो. काय म्हणाला, असं राजा विचारतो. एक सज्जन वजीर सांगतो, राग गिळणाऱ्यांची आणि क्षमा करणाऱ्यांची स्तुती करणारं कुराणवचन म्हणाला. राजा कैद्याला सोडतो. त्या वजिराचा वैरी असलेला दुसरा वजीर म्हणतो, आम्ही राजासमोर खरंच बोलायला हवं, यानं तर शिव्या दिल्या. राजा तोंड वाकडं करून म्हणतो, तुझ्या खऱ्यापेक्षा त्याचं खोटं मला आवडलं. त्याच्या मागं भलं करायचा हेतू होता, तुझ्यामागं दुष्टावा. आणि जोडतो: शहाण्यांनी म्हटलंय, भल्यासाठीचं खोटं हे आग लावणाऱ्या खऱ्याहून बरं.

हे वचन खोटं बोलायचा परवाना म्हणून सर्रास वापरलं जातं. वहीतल्या चार प्रश्नांनी काय दिसतं बघा. वाक्य राजाचं आहे, सादीचं नव्हे. खोट्यानं एक जीव वाचला आणि खोटं बोलणाऱ्याला काही मिळालं नाही. खरं बोलणाऱ्याचा हिशेब जुनं वैर चुकवायचा होता. पुढचं पद्य तर खोट्याखऱ्याबद्दल बोलतच नाही: ज्याच्या म्हणण्याप्रमाणे राजा वागतो त्यानं भल्याखेरीज काही बोलणं म्हणजे अनर्थ. मग फरीदून या दंतकथेतल्या इराणी राजाच्या महालावरचा लेख येतो: ‘जहान ऐ बिरादर नमानद ब कस’, बाबा रे, हे जग कुणाजवळच टिकत नाही. एका शब्दावर माणूस मारू किंवा सोडू शकणाऱ्याला शेवटी त्याच्याच मरणाची आठवण दिली आहे.

सरावाला तिसरी घ्यायची तर नौशेरवान आणि मिठाची. शिकारीत मांस भाजताना मीठ नसतं. गावात माणूस पाठवताना राजा बजावतो, विकत आण, नाहीतर तशी वहिवाट पडेल आणि गाव उजाड होईल. एवढ्याशा मिठानं काय बिघडतं, असं सोबतचे विचारतात. तो म्हणतो, जुलमाचा पाया जगात आधी थोडाच होता, येणाऱ्या प्रत्येकानं त्यात भर घातली. मग पद्य: रयतेच्या बागेतलं एक सफरचंद राजानं खाल्लं तर त्याचे गुलाम झाड मुळासकट उपटतील, पाच अंड्यांपुरता जुलूम सुलतानानं चालू दिला तर लष्कर हजार कोंबड्या सळईवर चढवील. मराठी वाचकाला इथं शिवाजी महाराजांच्या पत्रातला भाजीचा देठ आठवणारच. एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं सुचवायचं नाही, फौजफाट्याचा अनुभव सगळीकडे सारखाच. पद्य गद्याला कसं फुगवतं तेही टिपा: गद्यात मीठ आहे, पद्यात सफरचंदापासून झाड आणि पाच अंड्यांपासून हजार कोंबड्या.

दोन वचनं एकमेकांना खोडतात तेव्हा

प्रस्तावनेत हमामातल्या सुगंधी मातीची कविता आहे. माती सांगते, मी सामान्यच होते, पण काही दिवस फुलाच्या सोबतीला राहिले. म्हणजे संगतीनं माणूस घडतो. पहिल्या प्रकरणातल्या चौथ्या हिकायतीत याच्या उलट: नालायकाला शिकवणं म्हणजे घुमटावर अक्रोड ठेवणं, लांडग्याचं पिल्लू माणसांत वाढलं तरी शेवटी लांडगाच होतं. नवखा वाचक इथं सादीला दुटप्पी ठरवतो, किंवा आवडेल ते वचन उचलून दुसरं सोडून देतो.

दोन्ही लिहून ठेवा आणि गोष्टीकडे जा. चौथ्या हिकायतीत दरोडेखोरांच्या टोळीतल्या एका कोवळ्या पोराला वाचवावं की नाही यावर राजा आणि वजीर वाद घालतात. अक्रोडाची ओळ राजाची. वजिराकडेही तोलामोलाचं उत्तर आहे: गुहेत झोपलेल्या साधूंचा कुत्रा चांगल्यांमागे गेला आणि माणसात जमा झाला, नूहचा मुलगा वाइटांत बसला आणि पैगंबराच्या घराण्याला मुकला. राजा नाखुशीनं पोराला सोडतो. एक-दोन वर्षांनी तो पोरगा वजिराला आणि त्याच्या दोन मुलांना मारून मालमत्तेसह पळतो. घटनेनं राजाची बाजू खरी ठरवली, पण वजिराचा युक्तिवाद पुस्तकात शाबूत राहिला. सातव्या प्रकरणाच्या शेवटी श्रीमंती आणि फकिरीवरचा सादीचा एका दांभिकाशी लांबलचक वाद आहे, तोही हमरीतुमरीवर येऊन काझीपुढं जातो आणि काझी दोन्ही बाजूंना थोडं थोडं देतो. सादीकडं एकच एक सिद्धांत शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

‘मी’वर विश्वास किती ठेवायचा

दुसऱ्या प्रकरणात सादी सांगतो की फिरंग्यांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या क्रूसेडरांनी, त्याला पकडलं, त्रिपोलीला खंदक खणायला लावलं, हलबच्या (अलेप्पोच्या) एका ओळखीच्या माणसानं दहा दिनारला सोडवलं आणि शंभर दिनार मेहर ठरवून आपली मुलगी दिली. बायको कजाग निघाली. ती म्हणते, माझ्या बापानं दहा दिनारला विकत घेतलेला तूच ना? तो म्हणतो, हो, दहाला सोडवलं आणि शंभराला तुझ्या हाती अडकवलं. विनोद इतका घोटीव आहे की यावरून चरित्र लिहिणं धाडसाचं. जुन्या चरित्रकारांनी ते केलं, आणि सादीचे प्रवास अवाच्या सवा वाढले.

सादीनं स्वतःच इशारा देऊन ठेवला आहे. पहिल्या प्रकरणातला एक तोतया हजहून आल्याचं सोंग करतो, अन्वरीची कविता आपली म्हणून राजाला ऐकवतो, आणि पकडला गेल्यावर म्हणतो: परक्यानं दही म्हणून पुढं ठेवलं तर त्यात दोन मापं पाणी आणि एक चमचा ताक असतं, खरं ऐकायचं तर, ‘जहाँदीदा बिस्यार गोयद दुरूग’, जग पाहिलेला फार खोटं बोलतो.

‘बोस्तान’च्या आठव्या प्रकरणातली सोमनाथची गोष्ट या चष्म्यातूनच वाचा. सादी म्हणतो, तिथं हस्तिदंती मूर्ती होती, ती रोज पहाटे हात वर करायची, पडद्यामागून दोरी ओढणारा पुजारी मी पकडला आणि विहिरीत ढकलून मारला. सोमनाथला शिवलिंग आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही. शिवाय दोरी ओढणाऱ्याला तो एकाच ओळीत ‘मतरान’ (ख्रिस्ती धर्मगुरू) आणि ‘आझरपरस्त’ (अग्निपूजक) म्हणतो, इतरत्र ब्राह्मणांच्या तोंडी झरतुश्ती ग्रंथ देतो. परधर्मीय म्हणजे सगळे एकच, अशी ही दुरून रंगवलेली कहाणी आहे. प्रवासवर्णन म्हणून ती कुणी पुढं केली तर हे तपशील दाखवावेत.

जे पटत नाही त्याचं काय करायचं

मास्तरांची मारहाण (‘जौर-ए उस्ताद बिह झ मिहर-ए पिदर’, बापाच्या मायेपेक्षा गुरूचा जुलूम बरा), गुलामगिरी गृहीत धरणं, बायकांवरचे शेरे, ज्यूंबद्दलचे हेटाळणीचे उल्लेख, आणि पाचव्या प्रकरणातलं पोरसवदा मुलांवरचं प्रेम: हे सगळं पुस्तकात आहे. फारसीत सर्वनामांना लिंग नाही, याचा फायदा घेऊन काही जुन्या भाषांतरकारांनी पाचव्या प्रकरणातल्या मुलाची मुलगी करून टाकली. दोन भाषांतरं ताडून पाहिली की हे लगेच पकडता येतं. त्याचबरोबर उलटी चूकही टाळा: प्रत्येक अवघड जागी सूफी गूढार्थ चढवून ती गोड करून घेणं. ‘गुलिस्तान’मधली दारू आणि ‘शाहिद’ (देखणा पोरगा) बहुतेक ठिकाणी शब्दशः तेच असतात. वहीत समासात ‘इथं असहमत, कारण…’ असं लिहा आणि पुढच्या हिकायतीला लागा. मुलांना किंवा गटात वाचून दाखवायचं असेल तर पाचवं प्रकरण आधी स्वतः वाचा.

वचन खरं की बनावट, आणि पुढं काय

फोनवर आलेलं वचन तपासायचं तर त्यातले दोन ठळक शब्द फारसीत करून गंजूरवर शोधा. फारसी ओळ मिळाली नाही आणि पाठवणाऱ्याकडंही प्रकरण-हिकायत नसेल, तर ते सादीचं म्हणून पुढं पाठवू नका. रूमीच्या नावावरचा माल याहून जास्त, कारण त्याची इंग्रजी रूपांतरं फार सैल आहेत.

‘गुलिस्तान’ची चार प्रकरणं झाली की ‘बोस्तान’ उघडा, पहिलं प्रकरण (न्याय) किंवा चौथं (नम्रता). वृत्त तोंडात बसलेलं असतं, त्यामुळे दिवसाला वीस ओळी जमतात. त्याआधी पायरी हवी असेल तर ‘करीमा’ घ्या: ‘करीमा ब बख्शाय बर हाल-ए मा’नं सुरू होणारी, मुतकारिबमधलीच छोटी पोथी. भारतातल्या मकतबांत पिढ्यान् पिढ्या ती मुलांना पाठ करायला देत आणि सादीच्या नावावर छापत. ती त्याची असण्याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, पण भाषा सोपी असल्यानं सरावाला उत्तम. जामीचं ‘बहारिस्तान’ (१४८७) हे ‘गुलिस्तान’च्याच साच्यावर बेतलेलं. निझामीचं ‘मखझनुल असरार’ नीतिकाव्यच असलं तरी त्यातल्या प्रतिमा इतक्या दाट आहेत की पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नये. अत्तारचं पक्ष्यांच्या सभेचं काव्य मध्ये वाचता येईल, मात्र त्याचं वृत्त वेगळं आहे: गालगागा गालगागा गालगा. पहिल्या पन्नास ओळी वृत्तात तोडून बघा, मगच अर्थाला हात घाला.